कोणत्या समुद्रात?
आनंद चक्रवर्ती यांच्या संशोधनाचे पुनर्वाचन

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी परदेशी गेलेल्या भारतीय शास्त्रज्ञांवर लेख लिहिला होता. त्यात आनंद मोहन चक्रवर्ती यांच्यावर एक परिच्छेद होता आणि त्या परिच्छेदात पुढील आशयाचे वाक्य होते : चक्रवर्ती यांनी जनुकांची काटछाट करून तेल खाणारा जीवाणू बनवला, त्याचे पेटंट मिळवले आणि या जीवाणूने समुद्रावरचे तेलाचे तवंग साफ केले. अंक बाजारात आल्यावर महिन्याभराने एक पोस्टकार्ड आले. पाठवणारे गृहस्थ सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. लेख आवडल्याचे कळवून त्यांनी खाली एकच प्रश्न विचारला होता : 'कोणत्या समुद्रात?'

मला उत्तर देता आले नाही. ते वाक्य मी जिथून घेतले होते, तिथेही उत्तर नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभी हयात एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम होता आणि लेखात मी नेमका तोच मोडला होता. शिवाय हे वाक्य खरे असावे अशी माझी इच्छाही होती. माझे गाव रायगडच्या किनाऱ्यावरचे. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुळणीवर तेलाचे काळे चिकट गोळे वाहून येतात. लहानपणी पायाला लागलेले ते डाग खोबरेल चोळून काढावे लागत. कुणा भारतीय माणसाने हे तेल खाणारा जीव तयार केला आहे, ही गोष्ट मला फार आवडली होती. आवडलेली गोष्ट आपण कमी तपासतो.

त्या पोस्टकार्डानंतर मी चक्रवर्तींचे निबंध, त्यांच्या पेटंटचा मजकूर आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचायला सुरुवात केली. ही कागदपत्रे कुणालाही वाचायला खुली आहेत. शब्दकोश जवळ ठेवून वाचताना वेळ लागला, पण हळूहळू लक्षात आले की माझ्या एका वाक्यात तीन चुका आहेत. जीवाणू काटछाट करून बनलेला नव्हता. पेटंट ज्या अर्थाने 'त्यांचे' म्हणतात, त्या अर्थाने त्यांचे नव्हते. आणि समुद्र साफ झाला नव्हता. या तीन चुका दुरुस्त करत गेले की एका संशोधकाचे खरे काम दिसू लागते. माझ्या मते ते काम दंतकथेपेक्षा वेगळे आणि अधिक मोलाचे आहे.

कापूर आणि डांबरगोळी

चक्रवर्तींचा जन्म ४ एप्रिल १९३८ रोजी पश्चिम बंगालमधील सैंथिया या गावी झाला. १९६५ मध्ये कोलकाता विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात आय. सी. गुन्सालस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे अभ्यास चालला होता तो स्यूडोमोनास या जीवाणूच्या कुळाचा. हे जीवाणू मातीत, पाण्यात सगळीकडे असतात आणि त्यांच्या खाण्याला धरबंध नसतो. आपल्याकडे आरतीला जाळतात तो कापूर आणि कपाटात ठेवतात ती डांबरगोळी, म्हणजे नॅफ्थलीन, यांवरसुद्धा त्यांतल्या काही जाती जगतात.

प्रश्न असा होता, की असले विचित्र अन्न पचवण्याची कला जीवाणू कुठे जपून ठेवतो? पेशीच्या मुख्य गुणसूत्रात, की अन्य कुठे? जीवाणूंमध्ये गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी स्वतंत्र वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषधांना दाद न देण्याचा गुण या प्लाझ्मिडवरून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे तोवर माहीत झाले होते. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२-७३ च्या सुमारास दाखवून दिले की कापूर, ऑक्टेन आणि सॅलिसिलेट पचवण्याचे गुणही असेच प्लाझ्मिडवर असतात. नॅफ्थलीनचे प्लाझ्मिड त्याच प्रयोगशाळेतील डन आणि गुन्सालस यांनी नोंदवले. या चार प्लाझ्मिडांना कॅम, ऑक्ट, सॅल आणि नाह अशी सुटसुटीत नावे पडली.

माझ्या वाचनात चक्रवर्तींच्या संशोधनाचा हा सर्वांत भक्कम भाग आहे आणि त्यांच्यावरच्या लोकप्रिय लेखांत नेमका हाच वगळला जातो. याचा अर्थ असा, की पचनाचे कौशल्य हे त्या जीवाणूच्या घराण्याची स्थावर मालमत्ता नाही. ते हातातून हातात जाणाऱ्या वस्तूसारखे आहे. मातीत एखादे नवे रसायन येऊन पडले तर ते पचवण्याची क्षमता एका जातीत उपजून शेजारच्या जातींत पसरू शकते. कारखान्यांच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, जमिनीत मुरलेले विष कालांतराने कमी का होते, हे समजून घेण्याची एक वाट या कामाने मोकळी झाली. कुठल्या न्यायालयाने त्याची दखल घेतली नसती, तरी हे काम टिकले असते.

१९७१ मध्ये चक्रवर्ती विद्यापीठ सोडून जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या स्केनेक्टडी येथील संशोधन केंद्रात गेले. तिथे त्यांनी पुढचे पाऊल टाकले. कच्च्या तेलात नाना प्रकारची हायड्रोकार्बन असतात. एक जीवाणू एक घटक खातो, दुसरा दुसरा. त्यामुळे तेलगळतीवर जीवाणूंचे मिश्रण सोडावे अशी कल्पना होती. पण मिश्रणातले सगळे जीवाणू टिकत नाहीत. मग चारही प्लाझ्मिड एकाच जीवाणूत आणले तर?

प्लाझ्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात जाण्यासाठी जीवाणूंचा नैसर्गिक संयोग पुरेसा असतो. दोन पेशी एकमेकींना जोडल्या जातात आणि प्लाझ्मिडची प्रत पलीकडे जाते. संशोधकाने करायचे ते इतकेच, की योग्य जीवाणू शेजारी ठेवायचे आणि ज्यांना नवा गुण मिळाला तेच वाचतील असे अन्न त्यांना द्यायचे. अडचण एकाच ठिकाणी आली. कॅम आणि ऑक्ट ही प्लाझ्मिडे एका पेशीत नांदत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसे. एक आत आले की दुसरे काही पिढ्यांत नाहीसे होते. चक्रवर्तींनी अशा पेशींवर अतिनील किरण सोडले आणि दोन्ही प्लाझ्मिडे एकमेकांना जोडून घेतलेले वंशज निवडून काढले. दोन तलवारींची एकच झाली. त्यानंतर बाकीची दोन प्लाझ्मिडे आणणे सोपे होते.

इथे माझी पहिली चूक दुरुस्त होते. डीएनए ठरावीक जागी कापायचा आणि दुसऱ्या डीएनएला जोडायचा, या तंत्राला आज आपण जनुकीय अभियांत्रिकी म्हणतो. पॉल बर्ग यांचा त्याबाबतचा निबंध १९७२ च्या उत्तरार्धात आला, तर कोहेन आणि बॉयर यांचा १९७३ मध्ये. चक्रवर्तींच्या पेटंटचा अर्ज ७ जून १९७२ चा आहे. त्यांच्या हातात ती कात्री नव्हतीच. आपण जनुके फक्त इकडची तिकडे केली, मांजराला दोन नव्या करामती शिकवाव्यात तसे, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले होते. ज्या माणसाचे नाव जनुकीय अभियांत्रिकीच्या कायद्याला चिकटले, त्याचा तो प्रसिद्ध जीवाणू आजच्या अर्थाने अभियांत्रिकीचा नमुनाच नाही.

पेटंट वाचताना

पेटंटचा मजकूर हा साहित्याच्या वाचकानेही एकदा वाचून पाहावा असा प्रकार आहे. त्यात प्रत्येक वाक्य कुंपणाच्या खांबासारखे रोवलेले असते. चक्रवर्तींच्या अर्जात ३६ दावे होते आणि ते तीन तऱ्हांचे होते. पहिला दावा जीवाणू तयार करण्याच्या पद्धतीवर. दुसरा दावा गवताच्या काड्यांसारख्या तरंगणाऱ्या वाहक पदार्थावर बसवलेल्या जीवाणूंच्या तयार मिश्रणावर. तिसरा दावा प्रत्यक्ष जीवाणूवर. पेटंट परीक्षकाने पहिले दोन मान्य केले आणि तिसरा नाकारला. जीवाणू ही निसर्गाची निर्मिती आहे आणि सजीव वस्तूला पेटंट देता येत नाही, ही त्याची कारणे.

खरे तर दोन दावे मिळाल्यावर कंपनीला थांबता आले असते. पद्धत आपली, मिश्रण आपले. मग जीवाणूवरच हक्क का हवा? कारण पद्धतीवरचा हक्क चुकवता येतो. दुसऱ्याने वेगळ्या वाटेने तोच जीवाणू तयार केला तर पद्धतीचे पेटंट त्याला अडवू शकत नाही. वस्तूवर हक्क असला तर ती कुणी, कशीही बनवली तरी अडवता येते. शिवाय ही वस्तू स्वतःच स्वतःच्या प्रती काढते. दिवसभरात तिच्या कोट्यवधी प्रती होतात. पद्धतीवरचा हक्क आणि वस्तूवरचा हक्क यांत किती अंतर आहे, हे सजीवाच्या बाबतीत जितके लख्ख दिसते तितके यंत्राच्या बाबतीत दिसत नाही.

म्हणून लढा चालू राहिला आणि तो कंपनीने लढवला. संशोधक म्हणून नाव चक्रवर्तींचे, पण हक्क जनरल इलेक्ट्रिककडे सोपवलेला. नोकरीतल्या संशोधकाची हीच रीत असते. माझी दुसरी चूक ही होती. 'चक्रवर्तींनी पेटंट मिळवले' हे वाक्य ऐकताना डोळ्यांपुढे येतो तो एकटा माणूस. कागदावर मात्र मालक कंपनी आहे.

पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने परीक्षकाचे पहिले कारण मानले नाही. असे दोन-दोन प्लाझ्मिडांचे जीवाणू निसर्गात सापडत नाहीत, हे मंडळाने कबूल केले. पण सजीवाला पेटंट नाही, या मुद्द्यावर दावा फेटाळला. त्यावरच्या न्यायालयाने मंडळाचा निर्णय फिरवला आणि पेटंट आयुक्त सिडनी डायमंड यांच्या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला : जीवाणूला पेटंट मिळू शकते.

सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्राचा गाभा थोडक्यात असा. कायद्यातला भेद सजीव आणि निर्जीव यांच्यातला नाही. तो निसर्गाची निर्मिती आणि माणसाची निर्मिती यांच्यातला आहे. हा जीवाणू निसर्गात नव्हता. तो या माणसाने घडवला. १९४८ च्या एका खटल्यात याच न्यायालयाने कडधान्यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या जीवाणूंच्या मिश्रणाला पेटंट नाकारले होते, कारण त्यातला प्रत्येक जीवाणू होता तसाच राहिला होता. आपल्या शेतकऱ्यांना रायझोबियमची पाकिटे ठाऊक आहेत. तोच हा जीवाणू. चक्रवर्तींच्या जीवाणूचे गुणधर्म मात्र ठळकपणे वेगळे आहेत, असे न्यायालय म्हणाले. धोक्यांचा पाढा वाचणाऱ्यांना उत्तर देताना बर्गर यांनी राजाज्ञेने भरती थांबत नाही, असा जुन्या इंग्रज राजाच्या गोष्टीचा दाखला दिला.

न्या. ब्रेनन यांनी चार न्यायाधीशांच्या वतीने विरोधी मत लिहिले. मला ते अधिक सावध वाटते. त्यांचा मुद्दा भीतीचा नव्हता. अमेरिकी काँग्रेसने १९३० आणि १९७० मध्ये वनस्पतींसाठी खास कायदे केले आणि १९७० च्या कायद्यात जीवाणू स्पष्टपणे वगळले. म्हणजे साध्या पेटंट कायद्यात सजीव येत नाहीत अशीच विधिमंडळाची समजूत होती. ती बदलायची तर विधिमंडळाने बदलावी, न्यायालयाने नव्हे. इतक्या मोठ्या प्रश्नाचा निर्णय एका मताने व्हावा का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

पेटंट क्रमांक ४२५९४४४ हे ३१ मार्च १९८१ रोजी दिले गेले. पण त्याआधीच बाजाराला संदेश पोचला होता. ऑक्टोबर १९८० मध्ये जेनेन्टेक या कंपनीचे शेअर विक्रीला आले, तेव्हा ३५ डॉलरचा शेअर तासाभरात ८८ डॉलरवर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोहेन-बॉयर पद्धतीला पेटंट मिळाले. १९८८ मध्ये हार्वर्डच्या उंदराला मिळाले. कात्री न वापरता केलेल्या जीवाणूने कात्री वापरणाऱ्या संपूर्ण उद्योगाचे दार उघडले.

समुद्राचे काय झाले?

आता पोस्टकार्डावरचा प्रश्न. उत्तर असे, की कोणत्याही समुद्रात नाही. चक्रवर्तींचा जीवाणू उघड्या पाण्यावरच्या तेलगळतीवर कधी वापरला गेला नाही.

कारणे अनेक होती. जनुकीय बदल केलेला जीवाणू उघड्यावर सोडण्याची परवानगी मिळणे त्या काळात जवळपास अशक्य होते. अमेरिकेत तशी पहिली अधिकृत चाचणी झाली ती १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या शेतात, पिकाला हिमबाधेपासून वाचवणाऱ्या एका वेगळ्याच जीवाणूची. पण परवानगी मिळाली असती तरी यश आले असते, असे म्हणवत नाही. कच्च्या तेलात शेकडो घटक असतात. चार प्लाझ्मिडे त्यांतल्या काहींनाच पुरतात. प्रयोगशाळेत लाडात वाढलेला जीवाणू बाहेरच्या जुन्या रहिवाशांपुढे सहसा टिकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समुद्रात तेल खाणाऱ्या जीवाणूंची उणीवच नसते. उणीव असते ती नत्र आणि स्फुरद यांची.

हे सिद्ध झाले २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात फुटलेल्या एक्झॉन वाल्डेझ जहाजाच्या वेळी. सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. जे किनारे जीवाणूंच्या मदतीने साफ करायचे ठरले, तिथे कुणी नवा जीवाणू आणला नाही. नत्र-स्फुरदयुक्त खत शिंपडले आणि तिथल्याच जीवाणूंना जोर दिला. आपल्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. मराठीत लिहिल्या गेलेल्या काही लेखांत, माझ्यासकट, हा सगळा प्रकार चक्रवर्तींच्या खाती जमा झाला आहे.

भारतात टेरी या संस्थेने तेलाने खराब झालेल्या जमिनीसाठी 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केले. तेही निसर्गातल्या जीवाणूंचे, मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेले. ते वाचताना मला चक्रवर्तींच्या अर्जातला दुसरा, कुणाच्याही लक्षात न राहिलेला दावा आठवला. वाहक पदार्थावर बसवलेले जीवाणू. व्यवहारात कामाला आली ती वाट त्या दाव्याच्या अंगाने जाणारी होती. इतिहास घडला तो तिसऱ्या दाव्याने.

नंतरची चाळीस वर्षे

निकालाच्या आधीच, १९७९ मध्ये, चक्रवर्ती कंपनी सोडून शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात गेले होते. १० जुलै २०२० रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे खटला ज्या कामावर उभा होता ते त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांतले. नंतरच्या चाळीस वर्षांचे मूल्यमापन केल्याशिवाय या संशोधकाविषयी मत देणे अन्यायाचे होईल.

पहिले मोठे काम २,४,५-टी या तणनाशकावरचे. व्हिएतनाम युद्धात जंगलांवर फवारलेल्या मिश्रणाचा हा एक घटक, निसर्गात सहजी न विरघळणारा. कचरा-डेपोतून आणलेले जीवाणू आणि वेगवेगळी प्लाझ्मिडे एका भांड्यात ठेवून, त्यांचे नेहमीचे अन्न कमी करत आणि हे विष वाढवत, काही महिन्यांत त्यांच्या गटाने केवळ याच रसायनावर जगणारा जीवाणू मिळवला. १९८१ मध्ये हे काम 'सायन्स' नियतकालिकात आले. इथेही कात्री नाही. शेतकरी बियाणे निवडत जातो तशी निवड आहे. तेलाच्या जीवाणूपेक्षा हे काम मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण यात निसर्गाकडून काय करून घेतले आणि आपण काय केले, याची सरमिसळ नाही.

दुसरे काम फुप्फुसांच्या आजाराचे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात स्यूडोमोनास एरुगिनोसा हा जीवाणू फुप्फुसात ठाण मांडतो आणि अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ भोवती गुंडाळून घेतो. मग औषधे आणि शरीराचे रक्षक त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. चक्रवर्तींच्या गटाने हे आवरण तयार करणारी जनुके वेगळी काढली आणि ती केव्हा चालू होतात याचा माग लावला. इथे मात्र डीएनए कापणे, जोडणे, क्लोन करणे हे सगळे खऱ्या अर्थाने आहे. त्यांच्या नावावरची खरी जनुकीय अभियांत्रिकी शोधायची तर ती १९८० च्या दशकातील या निबंधांत शोधावी. त्या निबंधांविषयी मराठीत ओळही लिहिलेली माझ्या वाचनात आली नाही.

तिसरे काम अझ्युरिन या तांबेयुक्त प्रथिनाचे. हे जीवाणूचे प्रथिन कर्करोगाच्या पेशीत शिरून पी५३ या रक्षक प्रथिनाला आधार देते आणि पेशीला मरणाकडे ढकलते, असे २००२ पासूनच्या निबंधांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले. अझ्युरिनचा २८ अमिनो आम्लांचा तुकडा औषध म्हणून पुढे आणण्यासाठी कंपनी स्थापन झाली. १५ रुग्णांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा अहवाल २०१३ मध्ये आला. पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे पाहते. गुण येतो का, हे ठरवायला १५ माणसे पुरत नाहीत. चक्रवर्तींच्या हयातीत त्याचे मान्यताप्राप्त औषध झाले नाही. तरीही आपल्याकडे 'कर्करोगावर इलाज शोधला' असे मथळे आले. तेलाच्या जीवाणूबाबत झाली तीच चूक पुन्हा झाली. संशोधनाला आशा आहे असे म्हणणे आणि काम फत्ते झाले असे म्हणणे, यांतले अंतर आपण दोन्ही वेळा गिळून टाकले.

या दोन्ही चुकांचे खापर चक्रवर्तींवर फोडता येणार नाही. पण एक टीका करायला हवी. त्यांच्या कामात मूलभूत शोधाला लागूनच वापराचे आश्वासन येते : तेल खाईल, विष खाईल, कर्करोग रोखेल. शोध सिद्ध होतो. आश्वासन पुढे ढकलले जाते. पेटंटच्या जगात वावरणाऱ्या विज्ञानाची ती गरज असते, कारण उपयोग सांगितल्याशिवाय पेटंट मिळत नाही. खटल्याने इतरांना ही भाषा शिकवली आणि ती चक्रवर्तींच्या स्वतःच्या लेखनातही मुरली. वाचकाने मात्र दोन रकाने वेगळे ठेवले पाहिजेत.

संपादक की लेखक?

साहित्याच्या वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न या सगळ्याच्या तळाशी आहे. एखादा संपादक चार कवींच्या निवडक कवितांचा संग्रह काढतो. निवड त्याची, क्रम त्याचा. क्वचित दोन कविता एकत्र शोभाव्यात म्हणून तो मोठी खटपट करतो. संग्रहावर त्याचा हक्क असतो. कवितांवर नसतो.

चक्रवर्तींचे १९७२ चे काम मला या संपादकासारखे वाटते. चारही प्लाझ्मिडे निसर्गाने रचलेली. एकत्र आणण्याची रीतही जीवाणूंची. निवड, क्रम आणि कॅम-ऑक्टची सांधणी चक्रवर्तींची. हे काम लहान नव्हे. उत्तम संपादनाला प्रतिभा लागते. परीक्षकाने मान्य केलेले पहिले दोन दावे म्हणजे संपादकाचा हक्क होता. न्यायालयाने तिसरा दावा मान्य केला आणि संपादकाला लेखक ठरवले. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय चूक की बरोबर, हे कायदेपंडितांनी सांगावे. चक्रवर्तींच्या संशोधनाचे मूल्यमापन म्हणून तो मला चुकीचा वाटतो, कारण त्यांच्या प्रयोगशाळेतील कामाने नेमके उलट दाखवले होते. जीवाणूंचे गुण कुणा एकाचे नसतात. ते हातोहात फिरतात. फिरण्याचा हा नियम शोधणाऱ्या माणसाचे नाव अडवण्याच्या हक्काशी कायमचे जोडले गेले.

या निवाड्याची लाट आपल्या शेतापर्यंत आली. अमेरिकेत पुढे बियाण्यांनाही साधी पेटंट मिळू लागली. इंडियानातील एका शेतकऱ्याने पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे पुन्हा पेरले, तेव्हा २०१३ मध्ये तिथले सर्वोच्च न्यायालय एकमताने त्याच्याविरुद्ध गेले. भारताने वेगळी वाट धरली. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(जे) वनस्पती, प्राणी आणि बियाणी वगळते. सूक्ष्मजीव मात्र त्या वगळणुकीतून बाहेर ठेवले आहेत. म्हणजे चक्रवर्ती निवाड्याचा जीवाणूपुरता भाग आपण घेतला आणि बियाण्याचा दरवाजा लावून घेतला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही दिला.

पण २००२ मध्ये बीटी कापूस आला तो संकरित वाणांत. संकरित बोंडातली सरकी पुन्हा पेरली तर तसे पीक येत नाही. कायद्याने दिलेला हक्क विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला दरवर्षी दुकानात जाण्यापासून वाचवू शकला नाही. त्या कापसात घातलेल्या जनुकावरच्या पेटंटचा वादही झाला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. बीटीचे जनुकही मूळचे मातीतल्या एका जीवाणूचेच. संपादक की लेखक, हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहिला.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या शरीरातून नुसता वेगळा काढलेला डीएनए पेटंटयोग्य नाही असे ठरवले. त्या निकालात चक्रवर्तींचा जीवाणू तुलनेसाठी पुन्हा उभा केला गेला. उत्तरायुष्यात चक्रवर्ती न्यायाधीशांना जनुकशास्त्र समजावून देण्याच्या उपक्रमांत भाग घेत. आपल्या नावाच्या खटल्यात विज्ञान आणि कायदा एकमेकांशी किती अर्धवट बोलले, हे त्यांना ठाऊक असणार, असे मला वाटते.

त्या प्राध्यापकांना मी तेव्हाच उत्तर लिहायला हवे होते. एक वर्ष वाचनात गेले, मग संकोचात. चार वर्षांपूर्वी ते वारल्याचे कळले. त्यांचे पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचे उत्तर म्हणून जुन्या लेखातले ते वाक्य मी इथे जाहीरपणे मागे घेतो आणि त्याजागी हे लिहितो : आनंद चक्रवर्ती यांनी काही जीवाणूंचे खाण्याचे कौशल्य फिरत्या प्लाझ्मिडांवर असते हे सहकाऱ्यांसह दाखवले, चार कौशल्ये एका जीवाणूत एकत्र आणली, आणि त्या जीवाणूचे पेटंट त्यांच्या कंपनीला मिळाले. समुद्रात तो कधीच गेला नाही.

या मे महिन्यात गावी गेलो होतो. पुळणीवर काळे गोळे होतेच. नातवाच्या तळपायाला लागलेला डाग मी खोबरेल चोळून काढला.